शनिवारच्या स्नेहमेळाव्यात शवर्मा मागवावा का?

सचिव (सदनिका १०२) : सोसायटीच्या सर्व सभासदांना नमस्कार. शनिवारी सायंकाळी गच्चीवर होणाऱ्या स्नेहमेळाव्यासाठी बेळगावच्या कॅम्पातील लेबनीज शवर्माच्या दुकानातून चाळीस रोल (रोटीत गुंडाळलेले भाजलेल्या मांसाचे तुकडे) मागवावेत, असे मुलांनी सुचवले आहे. या दुकानाची टिळकवाडीतही शाखा असून सायंकाळी तेथे उभे राहायला जागा नसते. आपली मते कळवावीत.

२०१ : माझा विरोध आहे. गेल्या मे महिन्यात एका दुकानातून (ते हे नव्हे) सात वाजता आणलेले पार्सल माझ्या मुलाने अकरा वाजता खाल्ले आणि पहाटे त्याला सलाइन लावावे लागले. २०२२ मध्ये केरळच्या कासरगोड जिल्ह्यातील चेरुवत्तूर येथे शवर्मा खाऊन एका शाळकरी मुलीचा मृत्यू झाला होता आणि पन्नासहून अधिक लोक आजारी पडले होते, हे आपण वाचलेच असेल. पोरांच्या हौसेपायी एवढा धोका का पत्करायचा?

३०४ : वहिनी, आपली काळजी रास्त आहे आणि चेरुवत्तूरची घटना कोणीही विसरू नये. तरीही शवर्मा सरसकट नाकारण्याआधी दोष नेमका कोठे असतो हे पाहावे, अशी माझी विनंती आहे. मी दुबईत नऊ वर्षे नोकरी केली आणि आमच्या वसतिगृहाखाली एका लेबनीज गृहस्थाचे दुकान होते, म्हणून हे सविस्तर लिहितो.

‘शवर्मा’ हा शब्द ‘फिरवणे’ या अर्थाच्या तुर्की शब्दावरून आला आहे आणि सारे मर्म त्या फिरण्यातच आहे. उभ्या सळईवर मांसाचे थर चढवलेले असतात, बाजूची आच फक्त बाहेरचा थर शिजवते आणि आतले मांस कच्चेच असते. गर्दी वाढली की कारागीर घाईने शिजलेल्या थरापलीकडे सुरी घालतो, आणि गिऱ्हाईक कमी झाले की गॅस वाचवण्यासाठी आच मंद करतो. मग तो गोळा तासन्‌तास कोमट राहतो आणि जंतूंना कोमटच हवे असते. दुबईचे ते गृहस्थ कापलेला प्रत्येक तुकडा पुन्हा तव्यावर परतल्याशिवाय रोटीत घालत नसत आणि रांग कितीही लांब झाली तरी त्यांची सुरी कधी घाईने चालली नाही.

दुसरा दोष मेयोनेजचा, म्हणजे रोलमध्ये घालतात त्या अंडे आणि तेल घोटून केलेल्या दाट सॉसचा. कच्च्या अंड्याचे मेयोनेज आपल्याकडच्या उन्हाळ्यात, तेही वीज जाते तेव्हा, बाहेर ठेवणे म्हणजे आजाराला आमंत्रणच आहे. केरळ सरकारने २०२३ मध्ये त्यावर बंदी घातली ती याच कारणाने. लेबनॉनमध्ये चिकन शवर्म्यासोबत ‘तूम’ देतात आणि त्यात अंडे नसते. लसूण मिठासह वाटायचा, तेलाची बारीक धार सोडत घोटत राहायचे आणि मधूनमधून लिंबाचा रस घालायचा, एवढ्यावर तो पांढराशुभ्र आणि हलका होतो. पहिल्या दिवशी मला तो लोण्याचा गोळाच वाटला होता. दुकानदाराला तूम करता येत नसेल, तर पाटीवर लेबनीज लिहिण्याला काय अर्थ?

रंगाचेही विचारावे. कर्नाटक सरकारने जून २०२४ मध्ये चिकन आणि माशांच्या कबाबात कृत्रिम रंग वापरण्यास बंदी केली आहे; शवर्म्याच्या मांसालाही लालभडक रंगाची गरज नाही, दही, लिंबू, दालचिनी आणि वेलची पुरेशी आहे.

४०३ : काका, मी आजच दुकानात जाऊन आलो. किमान पन्नास रोलची मागणी असेल तर मालक सळई आणि शेगडी घेऊन येथेच येण्यास तयार आहेत, त्यामुळे पार्सल रखडण्याचा प्रश्न राहत नाही. तुकडे तव्यावर परतून देण्यासही ते कबूल झाले. मेयोनेज मात्र ते अंड्याचेच करतात.

२०१ : मग ते नकोच. तूम करून देणार असतील तर माझा विरोध राहणार नाही. शाकाहारी घरांचे काय ठरले?

३०४ : त्यांच्यासाठी फलाफल सांगावे. भिजवलेले हरभरे कोथिंबीर आणि जिरे घालून वाटतात व तळतात. आपल्या डाळवड्याची चुलत बहीणच म्हणा. कढई, सुरी आणि वाढणारा माणूस मात्र वेगळा हवा, ही अट लेखी घ्यावी. तूम त्यांना येत नसेल तर शनिवारी दुपारी माझ्या स्वयंपाकघरात मी करून देईन. दोन किलो लसूण सोलायला चार हात लागतील.

२०१ : आमच्या घरचे दोन हात देते, भाऊजी.

सचिव (१०२) : सर्वांचे आभार. अंड्याचे मेयोनेज नाही, तुकडे तव्यावर परतलेले, फलाफलची कढई वेगळी आणि साडेसातला सुरू होऊन साडेनऊला बंद, या अटी मी उद्या दुकानात लिहून देतो. चिकन किती आणि फलाफल किती, हे प्रत्येक घराने गुरुवारी रात्रीपर्यंत येथेच कळवावे.