मदत हवी आहे: दवाखान्याच्या वेबसाइटवर अंध पेशंटना नंबर लावता येत नाही

धंतोलीत आमच्या आत्याचा कान-नाक-घशाचा दवाखाना आहे. आत्या डॉक्टर, मी काउंटरवर. हिशेब, फायली, मेडिक्लेमचे कागद आणि दोन वर्षांपासून वेबसाइटही माझ्याच गळ्यात आहे. साइट ओळखीच्या एका मुलाने तयार टेम्प्लेटवर बनवून दिली होती. तो आता हैदराबादला नोकरी करतो, फोन उचलतो पण रविवारीच. मला कोडिंग येत नाही, पण फाइल उघडून मजकूर बदलण्याइतका हात बसला आहे.

गेल्या आठवड्यात मानेवाड्याहून एक काका ऑटोने आले, दुपारी एक वाजता. मे महिन्यात नागपुरात त्या वेळेला कोणी हौसेने घराबाहेर पडत नाही. काकांना अजिबात दिसत नाही, आणि आता ऐकूही कमी येऊ लागलंय म्हणून तपासायला आले होते. नंबर मिळाला 34. मी सवयीने बोलून गेले, "काका, ऑनलाइन नंबर लावून आले असते तर इतकं बसावं लागलं नसतं." ते शांतपणे म्हणाले, "तीन दिवस तेच तर करून राहिलो होतो, बाई."

मग त्यांनी खिशातून फोन काढला आणि टॉकबॅक (पडद्यावरचं वाचून दाखवणारी फोनमधली सोय) चालू ठेवून आमची साइट माझ्यासमोर उघडली. वरच्या बॅनरवर बोट ठेवलं तर फोनने फोटोच्या फाइलचं नाव वाचलं, आकडे न् अंडरस्कोरसकट. मेनूवर गेले तर "अनलेबल्ड, बटन". दवाखान्याच्या वेळा म्हणजे मी बोर्डाचा काढून साइटवर चढवलेला फोटो, तिथे काहीच नाही. वेळ निवडायच्या चौकटींवर आले तेव्हा फोन साडेदहा, पावणेअकरा, अकरा असं वाचत गेला. पण कोणती वेळ रिकामी आणि कोणती भरलेली? ते आमच्याकडे फक्त हिरव्या-लाल रंगाने कळतं. काकांनी दोनदा टॅप केलं. फोन गप्प. वेळ निवडली गेली की नाही, कळायला मार्ग नाही. आणि एवढं पार करून शेवटी कॅप्चा: "चित्रातली वाकडी अक्षरं लिहा."

ही साइट मी दोन वर्षं रोज बघते आहे. ऐकली त्या दिवशी पहिल्यांदा.

आता प्रश्न. एका कंपनीचा माणूस म्हणतो, साइटच्या कोपऱ्यात व्हीलचेअरचं निळं चिन्ह बसवून देतो, ते दाबलं की अक्षरं मोठी होतात, रंग बदलतात, वर्षाचे 12 हजार. आत्या म्हणते, लावून टाक आणि विषय संपव. पण त्याने काकांचा नंबर लागेल का? नसेल लागत तर माझ्यासारखीने सुरुवात कुठून करायची? आणि खासगी दवाखान्याला हे कायद्याने बंधनकारक आहे का, की आपल्या मनावर आहे? आत्याला पटवायचं तर शेवटचं उत्तर लागेलच.

तर्रीपोहे: ताई, मी स्वतः अंध आहे. कॉम्प्युटरवर एनव्हीडीए, फोनवर टॉकबॅक, दोन्ही स्क्रीन रीडर, म्हणजे पडदा वाचून दाखवणारे. सगळं कामकाज त्यावरच. ते निळं चिन्ह घेऊ नका. अक्षरं मोठी करणं, रंग उलटे करणं हे माझा फोन आधीच करतो, त्याच्यासाठी तुमच्या साइटचे 12 हजार काहून घालवता? ज्या बटनाला नाव नाही त्याचं नाव काय असावं, हे त्या चिन्हाला कुठून कळणार? आणि पुष्कळदा ते माझ्याच स्क्रीन रीडरच्या मध्ये तडमडतं.
एक काम करा. माउस बाजूला ठेवा. फक्त टॅब, एंटर आणि स्पेस वापरून स्वतःच्या साइटवर नंबर लावून पाहा. जिथे अडकाल तिथे मीही अडकतो. मग एनव्हीडीए उतरवून घ्या, फुकट आहे. त्यातला ईस्पीकचा मराठी आवाज यंत्रासारखा आहे, पण दोन दिवसांत कान बसतो. तोवर स्क्रीन बंद करून ऐका. स्क्रीन चालू असली की डोळे चोरी करतात.

कोथरूडचा_कोडर: टेम्प्लेटच्या फाइलमध्ये अगदी वर एचटीएमएलच्या टॅगमध्ये भाषा लिहिलेली असते. बहुतेक टेम्प्लेटांत ती "ईएन", म्हणजे इंग्रजी, असते. तुमचा मजकूर मराठी असेल तर "एमआर" करा. नाहीतर स्क्रीन रीडर इंग्रजी आवाजात देवनागरी वाचायला जातो आणि एकतर अडखळतो नाहीतर गाळतो. एका शब्दाचा बदल आहे, आजच करा.
वेळेच्या चौकटी हे खरं दुखणं. त्या मुलाने नुसत्या डिव्हवर (स्क्रीन रीडरला बटन न वाटणाऱ्या साध्या चौकटीवर) क्लिक बसवलं असणार. रविवारी फोन लागला की सांगा, तिथे साधी रेडिओ बटनं (अनेकांतून एकच निवडायची गोल बटनं) हवीत. मग "11:00, निवडलेले, 12 पैकी 3" असं काहीतरी आपोआप ऐकू येतं. भरलेल्या वेळेपुढे "भरली" हा शब्द लिहा, रंग राहू दे. लाल-हिरवा न ओळखणारे पुरुष तुमच्याकडे रोज येत असतील, ते बोलत नाहीत एवढंच.
नाव, मोबाइल ही अक्षरं चौकटीच्या आत फिकट राखाडी रंगात आहेत का? टाइप करायला लागलं की ती नाहीशी होतात. चौकटीच्या वर खरं लेबल द्या. साध्या अक्षरांचा आणि पार्श्वभूमीचा कॉन्ट्रास्ट निदान 4.5 ला 1 हवा, हा डब्ल्यूसीएजी या साइट सुगम्य करण्याच्या जागतिक मार्गदर्शकाचा एए पातळीचा नियम आहे. आणि "यूझर-स्केलेबल नो" असं कुठे दिसलं तर काढून टाका, त्याने दोन बोटांनी झूम करणं अडतं. कॅप्चाऐवजी एक लपवलेली चौकट ठेवतात. माणसाला ती दिसत नाही, स्क्रीन रीडरपासूनही लपवायची, बॉट (आपोआप फॉर्म भरणारा प्रोग्राम) मात्र भरून बसतो. छोट्या दवाखान्याला तेवढं पुरतं.

पक्षकार_नाही_वकील: आत्यांसाठी. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016, कलम 46: सेवा देणारा सरकारी असो की खासगी, सुगम्यतेच्या नियमांप्रमाणे सेवा द्यायची. कलम 89 मध्ये दंड आहे, पहिल्यांदा 10 हजारांपर्यंत, पुढे 50 हजार ते 5 लाख. नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच कायद्याखालच्या 2017 च्या नियमांतला नियम 15(1) रद्द ठरवला, कारण तो नुसता शिफारशीसारखा होता, आणि केंद्राला बंधनकारक नियम करायला सांगितलं. एप्रिल 2025 मध्ये त्याच न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोचणं हा राज्यघटनेच्या कलम 21 खालच्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. तो खटला ई-केवायसीचा (ऑनलाइन ओळख पटवण्याचा) होता, डोळे मिचकावून दाखवा म्हणणाऱ्या ॲपचा. लगेच कोणी नोटीस घेऊन दारात येईल असं नाही, पण "मनावर आहे" हे उत्तर आता चालत नाही.

उमरीवाली: मी अकोल्याची. माझा धाकटा भाऊ जन्मापासून ऐकू शकत नाही. तुम्ही लिहिलं नाही, पण विचारते: साइट चालली नाही तर नंबर लावायला दुसरा मार्ग कोणता? फोनच असेल नं? कान-नाक-घशाचा दवाखाना, आणि ज्याला ऐकू येत नाही त्याने फोन करायचा! आम्हाला हे अनेक ठिकाणी भोगावं लागलं. माझ्या भावाच्या नंबरसाठी मला ऑफिसातून फोन करावा लागतो. तो 26 वर्षांचा आहे, स्वतःचं स्वतः करू शकतो. व्हॉट्सॲपवर नुसतं लिहून नंबर घ्या. आणि बाहेर बसल्यावर नाव पुकारता की बोर्डावर नंबर दाखवता, तेही पाहा. साइटवर व्हिडिओ असेल तर खाली मराठी अक्षरं टाका. वाक्यं छोटी ठेवा, खुणांची भाषा ज्याची पहिली भाषा आहे त्याला आपली लांबलचक मराठी परकीच असते.

मूळ लेखिका: उमरीवाली ताई, वाचून खाली मान घातली. फोनच आहे, सकाळी 9 ते 10. आणि मी नाव पुकारते, तेही जोरात.

माउस काढून बसले. टॅब दाबत दाबत मेनू, स्लायडरची तीन चित्रं, फेसबुकचं चिन्ह असं सगळं फिरले, पण वेळेच्या चौकटींवर टॅब थांबतच नाही, सरळ उडी मारून कॅप्चावर. आत्याला शेजारी बसवून दाखवलं. ती पाच मिनिटं गप्प बसली आणि म्हणाली, त्या 12 हजारवाल्याला नाही म्हणून कळव. (कलम 89 पर्यंत जावंच लागलं नाही.)

भाषा "एमआर" केली. वेळांचा फोटो हटवून त्याजागी साधा तक्ता टाइप केला. त्याच्याच खाली लिहिलं की दवाखाना पहिल्या माळ्यावर आहे, लिफ्ट आहे, पण लिफ्टच्या आधी तीन पायऱ्या आहेत आणि रॅम्प नाही. आधी कळवलं तर आत्या खाली येऊन तपासते. हे ती आधीपासून करते, लिहिलं मात्र कुठेच नव्हतं. व्हॉट्सॲपचा नंबर वर आणला.

अडलेली एक गोष्ट: टॉन्सिलच्या ऑपरेशननंतर काय खायचं, काय टाळायचं याची पीडीएफ आहे, जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली. एनव्हीडीए त्यात इंग्रजी अक्षरांचा काला वाचतो.

कोथरूडचा_कोडर: तो युनिकोडच्या (मराठी अक्षरांना स्वतःचे कोड देणाऱ्या पद्धतीच्या) आधीचा फॉन्ट. आत इंग्रजी अक्षरंच असतात, फक्त चित्र मराठीचं. कन्व्हर्टरने युनिकोड करा, पण जोडाक्षरं आणि रफार डोळ्यांनी तपासा, औषधाच्या कागदात "र्" हलला तर पंचाईत. आणि पीडीएफ कशाला? साध्या पानावर टाका.

मूळ लेखिका: कन्व्हर्ट केलं. "गर्भवती"चा रफार खरंच उडाला होता, हाताने लावला.

रविवारी त्या मुलाने रेडिओ बटनं बसवून दिली. रात्री काकांना फोन करून सांगितलं, काका, आता पाहा बरं. सकाळी यादी उघडली तर 7, 8 आणि 9 असे तिन्ही नंबर त्यांच्याच नावाने. विचारलं तर म्हणाले, "फॉर्म भरला, बटन दाबलं, फोन काही बोललाच नाही. म्हटलं लागला नसेल, पुन्हा लावला. तिसऱ्यांदा कंटाळून झोपलो." आमच्याकडे वर हिरव्या पट्टीत "आपला नंबर नोंदवला आहे" असं तीन सेकंद येतं आणि जातं. ते कसं बोलतं करायचं?

तर्रीपोहे: त्या पट्टीला कोडमध्ये रोल "ॲलर्ट" (हे लगेच वाच, अशी स्क्रीन रीडरला खूण) द्यायला सांगा, मग आल्याबरोबर वाचली जाईल. आणि तीन सेकंदांत घालवू नका बाप्पा, राहू द्या तिथेच, नंबर आणि वेळेसकट.

मूळ लेखिका: सांगते. 8 आणि 9 तेवढे दुसऱ्यांना देऊन टाकले.