हरणासाठी .२५७ रॉबर्ट्स काडतूस: सर्रास मिळत नाही म्हणून नाकारायची का?

उत्तरवारा:
अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी बंदुकीने हरणं मारायचा नऊ दिवसांचा हंगाम सुरू होतो. नव्याने शिकार शिकणाऱ्याला सगळे सर्रास मिळणारी, जोरदार काडतुसंच सांगतात: .३०-०६ घे, नाहीतर .३०८. मला हे पटत नाही. व्हाईटटेलला (इथल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणाला) एवढा दणका लागत नाही. .२५७ रॉबर्ट्स रेमिंग्टन कंपनीने १९३४ मध्ये बाजारात आणलं. ७x५७ माउझर या काडतुसाची पुंगळी (पितळी नळकांडं), तोंड आवळून बारीक गोळी बसवलेली. (जिम कॉर्बेटच्या .२७५ रिग्बी रायफलचं काडतूस म्हणजे तेच ७x५७.) ११७ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळी, वेग सेकंदाला २,७०० फुटांच्या आसपास, खांद्याला बसणारा धक्का .३०-०६ च्या साधारण निम्मा. धक्क्याची धास्ती नसली की चाप ओढताना डोळे मिटत नाहीत, खांदा आधीच मागे जात नाही, आणि गोळी पुढच्या पायामागे फुप्फुसात बसते. हरीण पडतं ते त्यामुळे.

चापओढ्या:
शेवटचं वाक्य शंभर टक्के मान्य, पण त्यातूनच उलटा निष्कर्ष निघतो. फुप्फुसात गोळी बसवायची तर सराव हवा, आणि सरावाला काडतुसं हवीत. रॉबर्ट्सच्या काडतुसांची पेटी महाग, तीही मिळाली तर. मग माणूस हंगामाआधी चार गोळ्या झाडून 'नेम लागला' म्हणतो. शिवाय ज्या काडतुसांवर नेम लावला ती पेटी संपली आणि दुसऱ्या कंपनीची घेतली, तर गोळी दुसरीकडेच लागते. पुन्हा नेम लावा, पुन्हा पेट्या शोधा. धक्का नको असेल तर .२४३ विंचेस्टर घ्या ना! १९५५ पासून आहे, धक्का तेवढाच सौम्य, आणि गावातल्या हार्डवेअरच्या दुकानातही असतं.

उत्तरवारा:
.२४३ मध्ये हरणासाठी साधारण १०० ग्रेनची गोळी. तिरक्या उभ्या हरणाच्या खांद्यातून जायचं असेल तर मला थोडं जास्त वजन हवं. आणि सरावाचं म्हणाल, तर घरी काडतुसं भरा, म्हणजे पुंगळीत बंदुकीची दारू आणि गोळी स्वतः बसवा. .२५७ च्या गोळ्या .२५-०६ या काडतुसातही चालतात, त्यामुळे मिळतात. पुंगळ्या नाही मिळाल्या तर ७x५७ च्या घ्या, डायमधून (साच्यातून) काढून तोंड बारीक करा.

सोनचाफा:
दादा, हे तुम्हाला जमतं. गेल्याच वर्षी परवाना काढलेल्या माझ्या भाचीला काडतुसं भरायला प्रेस, डाय, तराजू घेऊन बसवणार का? बंदुकीच्या दारूचं वजन चुकलं तर काय होतं, हे तुम्हीच सांगा. तिच्यासाठी मी ६.५ क्रीडमूर काडतुसाची रायफल घेतली. धक्का बेताचा, पेट्या सगळीकडे.

चापओढ्या:
सोनचाफाताई, अगदी बरोबर. २०२०-२१ च्या काडतुसांच्या टंचाईत .३०८ सुद्धा गायब होतं हे खरं. पण कारखाने आधी खपाचाच माल काढतात. तुमच्या रॉबर्ट्सचा नंबर सगळ्यात शेवटी.

काठावरचा:
ओहायोवाल्यांनी नियम वाचूनच यात पडावं. इथे हरणासाठी रायफलचं काडतूस सरळ (तोंडाशी न आवळलेल्या) पुंगळीचंच लागतं, रॉबर्ट्स काय, .३०८ काय, दोन्ही बाद. सरळ पुंगळीचं .३५० लेजंड घ्या, विषय संपला.

उत्तरवारा:
ताईंचा मुद्दा मान्य: घरी काडतुसं न भरणाऱ्याला मीही रॉबर्ट्स सुचवणार नाही. पण जो भरतो, त्याला 'दुकानात मिळत नाही' हे कारण सांगू नका. तो टंचाईच्या आधीच पुंगळ्या, टोप्या (दारू पेटवणारे प्रायमर), दारू घेऊन ठेवतो आणि वर्षभर एकाच मापाने भरलेल्या काडतुसांवर सराव करतो. चापओढ्या, तुम्हाला हवा तो सराव हाच ना?