फोटोंचा दर्जा न घालवता फाइल साइज कमी करायची आहे, काय वापरता?

पिसारा:
मंडळी, आमच्या हौशी पक्षिनिरीक्षण गटाची वेबसाइट मी सांभाळते. हजारो जेपेग फोटो, शिवाय पीएनजीमधले नकाशे. सर्व्हरवरची जागा संपत आलीये आणि मोबाइलवर पानं रखडत उघडतात. ‘क्वालिटी ८०’ करून पुन्हा सेव्ह करायचं नाहीये, पिसांचा बारकावा जातो. एकही पिक्सेल न बदलता काही होईल का? फुकटातलं सुचवा.

खटपट्या:
होईल, पण दोन्हींचे उपाय वेगळे.

पीएनजीसाठी ऑक्सिपीएनजी. पीएनजीत प्रत्येक ओळीला पाचपैकी एक फिल्टर (आकडे दाबायला सोपे करणारी मांडणी) लागतो आणि मग सगळं डिफ्लेट या पद्धतीने दाबलं जातं. सेव्ह करणारं सॉफ्टवेअर बहुतेकदा घाईत असतं, चांगली जोडी शोधत बसत नाही. ते काम हे टूल करतं. जोपफ्ली अजून पिळून काढतं, पण इतकं हळू की लोगोसारख्या रोज हजारदा उतरणाऱ्या फायलींपुरतंच ठेवा.

जेपेगसाठी जेपेगट्रान. ते फोटो नव्याने एन्कोड करत नाही, फक्त हफमन टेबलं (सारखी येणारी मूल्यं छोट्या कोडमध्ये लिहिण्याची यादी) नीट बांधतं. प्रोग्रेसिव्ह (आधी धूसर, मग स्पष्ट होत जाणारा) पर्याय लावा, मोठे फोटो बहुधा आणखी थोडे उतरतात. तरी इथे फार आशा नको, खरी बचत नकाशांत दिसेल.

टकमक:
पीएनजीक्वांट वापरा की! निम्म्याहून लहान होतात.

खटपट्या:
@टकमक, ते रंग २५६ किंवा त्याहून कमी करतं. छान टूल आहे, पण ताईंनी विचारलंय त्यात बसत नाही.

जुनं_घुबड:
एक ठेच माझ्याकडून. मी एकदा ‘सगळा मेटाडेटा काढा’ लावून मोकळा झालो. दुसऱ्या दिवशी उभे फोटो आडवे! फोटो कसा धरला होता ती नोंद एक्झिफमध्येच (कॅमेऱ्याने फाइलमध्ये लिहिलेली माहिती) असते. कलर प्रोफाइलही (रंग नेमके कसे दाखवायचे याची नोंद) उडालं, काही फोटोंचे रंग मेले. तेव्हा सरसकट पुसू नका. मात्र जीपीएस जरूर काढा, एक्झिफटूलने तेवढंच वेगळं काढता येतं. घरट्यांचे फोटो असतील तर जागेचा पत्ता आपणच वाटत असतो.

आणि काम झाल्यावर इमेजमॅजिकच्या कम्पेअरने मूळ फाइलशी ताडून बघा, एई मेट्रिक (किती पिक्सेल वेगळे आहेत तो आकडा) शून्य यायला हवं.

खटपट्या:
+१. मूळ फोटो साठवायचेच असतील तर जेपेग एक्सएल बघा. जुनी जेपेग साधारण २० टक्क्यांनी लहान होते आणि हवी तेव्हा बाइट न् बाइट तशीच परत मिळते. सगळे ब्राउझर ते उघडत नाहीत, म्हणून फक्त साठवणीला. नकाशांना लॉसलेस (काहीही न गमावणारं) वेबपी हे फॉरमॅटही चालेल, बहुधा पीएनजीहून लहान पडतं.

पिसारा:
नकाशांवर ऑक्सिपीएनजी चालवलं, फोल्डर ४१० एमबीवरून ३०५ वर आलं. ताडून पाहिलं, शून्य! पण घुबडदादा, तुमचं वाचून फोटो तपासले. विणीच्या हंगामातल्या जवळपास सगळ्यांत घरट्याचं लोकेशन आहे. साइजचं नंतर, आज आधी तेच काढायला बसते.