थिंक टँकवाल्यांच्या रिपोर्टांनी नेमकं काय बदलतं?

वाफसा:
परवा पुण्यात एका थिंक टँकच्या, म्हणजे सरकारी धोरणांवर अभ्यास करून रिपोर्ट काढणाऱ्या संस्थेच्या, कार्यक्रमाला जाऊन आलो, विषय न्याय्य आणि शाश्वत अर्थव्यवस्था. तीन तास भाषणं, हातात गुळगुळीत रिपोर्ट, आणि ज्यांच्यासाठी ही अर्थव्यवस्था न्याय्य करायचीय त्यांच्यापैकी हॉलमध्ये एकच जण, चहा देणारा पोरगा. येताना वाटलं की आपल्याकडे गरिबाच्या हातात खरंच काही पडलं असेल तर ते रोजगार हमीतून, आणि ती काय रिपोर्टातून उगवली नाही. वि. स. पागेंनी 1965 मध्ये तासगाव तालुक्यात विसापूरला प्रयोग केला, 72 च्या दुष्काळात लोक खडी फोडायला उतरले, मोर्चे निघाले, 1977 ला कायदा झाला. माणूस राजकारणातला, रेटा लोकांचा. मग या संस्था कशाला पोसायच्या?

दोनफेज:
अर्धीच गोष्ट सांगितलीत की. दांडेकर आणि रथ या अर्थतज्ज्ञांचा दारिद्र्यावरचा अभ्यास 1971 चा, त्यात सरळ म्हटलंय की गरिबाला सार्वजनिक कामांतून रोजगार द्या. पागेंना ते वाचून सुचलं असं मी म्हणत नाहीये, विसापूर आधीचंच आहे, पण मंत्रालयात फाईल पुढे सरकवायची तर कोणीतरी आकडे मांडलेले लागतात, नुसत्या मोर्चावर योजना चालत नाही.

कट्ट्यावरचा:
आणि त्या अभ्यासाला पैसा कोणाचा होता तेही सांगा ना, फोर्ड फाउंडेशनचा! अमेरिकेच्या पैशावर आपली गरिबी मोजायची. दिल्लीच्या सीपीआर या थिंक टँकचं परदेशी देणगीचं लायसन 2024 मध्ये रद्द झालं ते उगाच नाही.

दोनफेज:
अहो पण फोर्डचा पैसा होता म्हणून आकडे खोटे ठरतात का? आणि सीपीआर 1973 पासून काम करतेय, पन्नास वर्षं सगळ्यांना चाललं ना. परदेशी पैसा नको, इथला शेठ सरकारच्या विरोधात जाईल अशा अभ्यासाला दमडी देत नाही, मग काय, फक्त सरकारी समित्यांनीच विचार करायचा? बरं, एन्रॉन या अमेरिकन कंपनीचा दाभोळचा वीज प्रकल्प घ्या. वर्ल्ड बँकेने 1993 लाच सांगितलं होतं की हे परवडणार नाही, तरी वीज खरेदीचा करार झाला. पुण्यातल्या प्रयास या वीजधोरणाचा अभ्यास करणाऱ्या संस्थेच्या मंडळींनी बसून हिशोब मांडला की ही वीज राज्याच्या वीज बोर्डाला बुडवणार. पुढे काही महिने युनिट सात रुपयांच्या वर गेलं आणि 2001 मध्ये बोर्डाने वीज घेणंच बंद केलं.

वाफसा:
हेच तर म्हणतोय मी! हिशोब बरोबर होता, छापलेला होता, तरी 95 ला रद्द केलेला करार नव्याने, आणखी मोठा करून झालाच. रिपोर्ट बरोबर निघाला याचा ग्राहकाला काय उपयोग, बिल तर आलंच.

मीटरवाली:
वाफसादादा, तिथेच थांबलात तर नाही चालणार. नंतर विजेचे दर ठरवणारा वीज नियामक आयोग आला, जनसुनावण्या सुरू झाल्या आणि बोर्डाला सगळ्यांसमोर उत्तरं द्यावी लागली. तोवर गळती आणि चोरी शेतीपंपांच्या नावावर खपवली जायची, पंपांना मीटर नाही मग टाका हवा तो आकडा. छाननीत गळती सांगितल्याच्या जवळपास दुप्पट निघाली. म्हणजे ज्या शेतकऱ्याला शहरवाले फुकटा म्हणत होते त्याच्या खात्यावर दुसऱ्याचीच चोरी. हे मोर्चात कसं कळणार हो, त्यासाठी कोणीतरी चष्मा लावून तक्ते वाचायलाच लागतात.

रात्रपाळी_शिवार:
मी जुन्नरकडचा, मी जरा बोलू का. शेतीला आठवडाआड पाळी, दिवसाची आठ तास नाहीतर रात्रीची दहा. रात्री दोनला दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला, जातो तेव्हा एका हातात बॅटरी आणि लक्ष सगळं उसाकडे, बिबट्या कुठून येईल सांगता येत नाही. सोलर फीडरची, म्हणजे शेतीपंपांची वीजवाहिनी सौर विजेवर चालवायची, कल्पना प्रयासवाले बरीच वर्षं मांडत होते, गावाजवळच प्लांट टाका, युनिट तीन रुपयांच्या आसपास पडतं, शेतीला दिवसा वीज. 2017 ला सरकारने सौर कृषी वाहिनी योजना आणली. माझ्या फीडरला अजून आली नाही तो भाग वेगळा, पण शेजारच्या गावात दिवसा पाणी देतात. त्यामुळे रिपोर्टाला शिव्या घालायला माझं तोंड उघडत नाही.

मीटरवाली:
दिवसा वीज हवीच, वादच नाही. पण 2024 पासून साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांचं बिलही माफ झालंय. दिवसा आणि फुकट म्हटल्यावर बोअर किती खोल जाणार? ज्याला जमीन जास्त आणि पंप मोठा त्याचा फायदा जास्त, भूमिहीनाला काय? न्याय्य आणि शाश्वत एकाच दमात म्हणायला सोपं आहे, इथे दोघांची मारामारी होते.

वाफसा:
पुरंदरला नायगावला विलासराव साळुंखेंनी हे सोडवून दाखवलं होतं की, पाणी जमिनीवर नाही, माणशी. डोक्यामागे अर्धा एकर भिजेल एवढं, भूमिहीनालाही हिस्सा, आणि ऊस बंद. तो माणूस इंजिनिअर, कारखानदार, थिंक टँक नव्हता.

रात्रपाळी_शिवार:
ऊस बंद म्हणालात ना, ते आमच्या गावात येऊन पारावर बोला. चहा मी पाजतो, पण शेजारी बसणार नाही.