गृहकर्ज: डीएसएला गाठावं की थेट बँकेत जावं?

विनायक_स

फ्लॅट पसंत पडला की साइट ऑफिसमध्येच कर्जवाल्याचा नंबर हातात पडतो. हा डीएसए, म्हणजे बँकेचा किंवा हाउसिंग फायनान्स कंपनीचा कमिशनवरचा एजंट. घरी येऊन कागद नेतो, आपल्याकडून पैसे मागत नाही. तरीही माझं मत ठाम आहे: पगारदार माणूस नव्या, बँकांनी आधीच मंजूर केलेल्या प्रकल्पात घर घेत असेल, तर त्याने डीएसएकडे जाऊ नये.

कमिशन कर्ज देणारी संस्था देते. दर वेगवेगळे असतात. अर्धा टक्का धरला तरी ५० लाखांवर २५ हजार होतात. जिथे जास्त मिळतात तिकडे फाइल वळणार हे उघड आहे, आणि त्याची किंमत ग्राहक २० वर्षं मोजतो. ५० लाख, २० वर्षं, साडेआठ टक्के दर: हप्ता ४३,३९१ रुपये. तेच पावणेनऊ टक्क्यांनी: ४४,१८६. पाव टक्क्याचा फरक महिन्याला ७९५ रुपये, पूर्ण मुदतीत १ लाख ९० हजारांच्या पुढे.

दुसरं कारण मला याहून मोठं वाटतं. १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांना नवी फ्लोटिंग (बदलत्या दराची) गृहकर्जं बाहेरच्या बेंचमार्कला, म्हणजे बँकेने स्वतः न ठरवलेल्या दराला, जोडावी लागतात. बहुतेकींनी रेपो, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना कर्ज देते तो दर, घेतला आहे. तीन महिन्यांतून एकदा तरी व्याजदर त्यानुसार बदलावा, म्हणजे रिसेट व्हावाच लागतो. हाउसिंग फायनान्स कंपन्यांना ही सक्ती नाही. त्यांचा दर त्यांच्या स्वतःच्या पीएलआरवर, म्हणजे कंपनीनेच ठरवलेल्या मूळ दरावर, चालतो. २०२५ मध्ये फेब्रुवारी ते जून या काळात रेपो साडेसहावरून साडेपाचवर आला. रेपोवाल्या कर्जात हा एक टक्का ठरलेल्या रिसेटला उतरतो. पीएलआरवाल्या कर्जात किती आणि कधी उतरवायचा हे कंपनी ठरवते. एजंट दोन्हीकडचा आजचा दर शेजारी शेजारी ठेवतो आणि "दोन्ही सारखेच" म्हणतो. ते सारखे नसतात.

रेश्मा_ठाणे

विनायकजी, गणित बरोबर आहे, पण तुम्ही सगळ्यात सोपी केस निवडलीत. पगारदार, नवा प्रकल्प, मंजूर यादीतलं नाव. अशा माणसाला एजंट लागतच नाही, त्यावर वाद कशाला?

आता दुसरी केस घ्या. डोंबिवलीतली ३० वर्षं जुनी इमारत, तिसऱ्यांदा विकला जाणारा फ्लॅट, मधल्या व्यवहाराचा मूळ करार हरवलेला, सोसायटीचं कन्व्हेयन्स (जमीन आणि इमारत सोसायटीच्या नावावर होणं) झालेलं नाही, आणि घेणारा स्वतःचं दुकान चालवणारा. शाखेत गेलात तर समोरचा अधिकारी कागद ठेवून घेतो. तीन आठवड्यांनी बँकेच्या पॅनलवरचा वकील "चेन पूर्ण नाही", म्हणजे आधीच्या करारांची साखळी तुटलेली आहे, असं लिहितो आणि फाइल परत. तोवर विक्रेत्याला दिलेल्या मुदतीतले २० दिवस गेलेले असतात आणि टोकन अडकलेलं असतं.

चांगल्या डीएसएला हे पहिल्याच दिवशी माहीत असतं. हरवलेल्या करारासाठी पोलिसांत तक्रार, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस, दुय्यम निबंधकाकडून प्रमाणित प्रत आणि शपथपत्र एवढ्यावर कोणती बँक भागवून घेते आणि कोणती अजिबात घेत नाही, हे तो सांगतो. इमारतीचं वय अधिक कर्जाची मुदत यावर प्रत्येकीची मर्यादा वेगळी. दुकानदाराचं उत्पन्न कुणी फक्त आयटी रिटर्नवर धरते, कुणी जीएसटीची उलाढाल किंवा बँक खात्यातली सरासरी शिल्लकही बघते. ही माहिती कुठल्याच वेबसाइटवर नसते. ती रोज फाइली टाकणाऱ्याकडेच असते.

विनायक_स

रेश्माताई, हे ज्ञान खरं आहे आणि त्याची किंमतही आहे. पण तोच माणूस "नक्की करून देतो" म्हणत एकाच वेळी चार-पाच ठिकाणी लॉगिन करतो, म्हणजे अर्ज टाकतो, त्याचं काय? प्रत्येक लॉगिनला सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या क्रेडिट ब्युरोच्या रिपोर्टवर, एक चौकशी चढते. पाचव्या बँकेच्या अधिकाऱ्याला आधीच्या चार दिसतात आणि तो पहिला प्रश्न विचारतो, "त्यांनी का नाकारलं?" ग्राहकाला तर कुठे कुठे अर्ज गेला हेही माहीत नसतं, कारण कोऱ्या फॉर्मवर एकाच बैठकीत पंधरा सह्या घेतलेल्या असतात.

रेश्मा_ठाणे

कोऱ्या फॉर्मवर सही करू नये, यात दुमत नाही. पगारपत्रक किंवा खातेउतारा "जरा नीट करून देतो" म्हणणाऱ्याला तर उंबऱ्याबाहेरच थांबवा. बनावट कागद सापडला तर अर्जावर सही कर्जदाराची असते, एजंटाची नव्हे.

चार-पाच लॉगिनवर उपाय सोपा आहे. एजंटाला एका वेळी दोनच नावं द्या: एक सरकारी बँक, एक खासगी. दोन्ही लेखी, व्हॉट्सअ‍ॅपवर. तिसरीकडे जायचं तर आधी विचारायचं. क्रेडिट ब्युरो आता रिपोर्ट पाहिला गेला की एसएमएस किंवा ईमेल पाठवतात. तिसऱ्या बँकेचा संदेश आला की त्याच दिवशी जाब विचारा. वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट प्रत्येक ब्युरोकडून फुकट मिळतो. तो एजंट गाठण्याआधी काढा. बंद केलेलं क्रेडिट कार्ड चालू दिसत असेल तर दुरुस्तीला महिनाभर धरा.

दस्तऐवज_पुणे

दोघांचा वाद वाचला. माझ्या मते निम्म्या फाइली माणसामुळे अडत नाहीत, जमिनीमुळे अडतात. गुंठेवारीचा (शेतजमिनीचे लहान तुकडे पाडून विकलेला) प्लॉट नियमित झालेला नसेल, फक्त ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा (घरपट्टी आकारणीची नोंद) असेल, जमीन भोगवटादार वर्ग २ ची (सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी) असून विक्रीची परवानगी नसेल, तर एजंट आणा नाहीतर थेट जा, बँका हात लावत नाहीत. असं कर्ज "होऊन जाईल" असं जो सांगतो, तो बहुधा तारण पाहून चढ्या दराने देणाऱ्या कंपनीकडे नेतो.

म्हणून टोकन देण्याआधी, कुणालाही फोन करण्याआधी हे कागद समोर ठेवा: इंडेक्स टू (नोंदणी झालेल्या कराराचा गोषवारा), आधीच्या सगळ्या करारांची साखळी नोंदणी पावत्यांसह, सातबारा किंवा मालमत्ता पत्रक, मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट आणि एनओसी. विक्रेत्याचं जुनं कर्ज असेल तर त्याच्या बँकेचं थकबाकीचं पत्र आणि तिच्या ताब्यातल्या कागदांची यादी. शेवटचं फार लोक विसरतात, आणि चेक तयार असताना सगळं तिथे अडकतं.

आणखी एक. महाराष्ट्रात मूळ कागद बँकेकडे ठेवून कर्ज घेतलं की ३० दिवसांत नोटीस ऑफ इंटिमेशन, म्हणजे त्या गहाणाची नोंदणी कार्यालयाला सूचना, दाखल करावी लागते. त्याची मुद्रांक शुल्क आणि फायलिंगची रक्कम कर्जदाराची. "प्रोसेसिंग फी शून्य" असं सांगताना हा खर्च कुणी बोलत नाही.

निलेश७७

पगारदार आहे, पुण्यात ६० लाखांचा फ्लॅट बघतोय. एजंट म्हणतो ९० टक्के कर्ज करून देतो. शाखेत म्हणाले ८०. कोण खरं?

विनायक_स

निलेश, शाखा खरी. रिझर्व्ह बँकेची मर्यादा कर्जाच्या रकमेवर आहे: ३० लाखांपर्यंत ९० टक्के, ३० ते ७५ लाख ८० टक्के, त्यापुढे ७५. मुद्रांक आणि नोंदणी घराच्या किमतीत धरत नाहीत. ६० लाखांवर ४८ लाख मिळतील. उरलेले १२ लाख, पुण्यातलं ७ टक्के मुद्रांक म्हणजे ४ लाख २० हजार (फक्त महिलेच्या नावावर घेतलं तर एक टक्का सूट) आणि नोंदणीचे ३० हजार. म्हणजे साडेसोळा लाख तुमच्या खात्यात हवेत. वरचे दहा टक्के एजंट वैयक्तिक कर्ज म्हणून उभे करतो, त्याचा दर वेगळा आणि मुदत पाच-सात वर्षांची. दोन्ही हप्ते मिळून पगाराच्या निम्म्यावर गेले की घर चालवणं कठीण होतं.

रेश्मा_ठाणे

इथे विनायकजींशी सहमत. पण निलेश, एजंट नको असेल तरी एकाच शाखेवर विसंबू नका. मोठ्या बँकांमध्ये शाखा फक्त कागद गोळा करते. स्टेट बँकेत फाइल आरएसीपीसी या प्रक्रिया केंद्रात जाते. तिथला अर्ज क्रमांक मागून घ्या आणि थेट तिथेच पाठपुरावा करा. शाखेत चकरा मारून काही हलत नाही. डीएसएवाल्याची फाइल लवकर हलते, त्याचं कारण हेच: कुठल्या टेबलावर काय अडलंय हे तो रोज विचारतो.

कांगारूदेशी

मेलबर्नहून लिहितोय. इथे घरकर्ज ब्रोकरकडून घेणं सर्रास चालतं, पण चौकट वेगळी आहे. १ जानेवारी २०२१ पासून ब्रोकरवर ग्राहकाच्या हिताला प्राधान्य देण्याची कायदेशीर जबाबदारी आहे. कमिशन किती आणि कुणाकडून, हे त्याला सांगावं लागतं. कर्ज पहिल्या एक-दोन वर्षांत बंद झालं तर बँक कमिशन परत घेते, म्हणून इथेही "जरा थांबा, मग बदलू" असा सल्ला मिळतोच. भारतातला डीएसए कायद्याने बँकेचा एजंट आहे, तुमचा नव्हे. इकडून तिकडे घर घेणारे एनआरआय हा फरक विसरतात आणि इथल्या सवयीने विश्वास टाकतात.

विनायक_स

माझा मुद्दा हाच आहे. आणि त्यातून विमा येतो. मंजुरीपत्राच्या वेळी "कर्जासोबत विमा घ्यावाच लागतो" म्हणून दीड लाखाचा एकरकमी हप्ता कर्जातच जोडतात. साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांत त्याचे ३ लाख १२ हजार होतात. जीवन विमा सक्तीचा नाही. स्वतंत्र टर्म पॉलिसी घ्या.

रेश्मा_ठाणे

हे एजंटाच्या माथी मारू नका. विम्याचं टार्गेट शाखेतल्या कर्मचाऱ्यालाही असतं, आणि थेट जाणाऱ्याच्या फाइलमध्येही तो फॉर्म सह्यांच्या गठ्ठ्यात असतो. दोन्ही वाटांनी जाणाऱ्याला औषध एकच: की फॅक्ट स्टेटमेंट, म्हणजे कर्जाच्या अटी आणि खर्च एकत्र दाखवणारा कागद. १ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ कर्जांना ते द्यावंच लागतं. त्यात एपीआर असतो, म्हणजे विमा, कायदेशीर तपासणी, मूल्यांकन धरून वर्षाचा खरा दर. ते किमान तीन कामाचे दिवस वैध असतं. ते घरी न्या, दुसऱ्या बँकेच्या शेजारी ठेवा. एजंट ते द्यायला टाळतो का, हीच त्याची परीक्षा. विमा नकळत चढलाच, तर पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवसांत परत करता येते.

दस्तऐवज_पुणे

एक दुरुस्ती दोघांनाही. "थेट" गेलात असं वाटतं, पण बँकेच्या वेबसाइटवर नंबर टाकला की तो पुष्कळदा डीएसएच्या टेलिकॉलरकडेच जातो. अर्जाच्या पहिल्या पानावर सोर्सिंगचा, म्हणजे अर्ज कुणामार्फत आला याचा, रकाना असतो. तिथे कुणाचा कोड आहे ते सही करण्याआधी वाचा. शाखेतून गेला असाल तर शाखेचा कोड हवा.

आणि निलेश, चेक तयार झाला पण बिल्डरला वीस दिवसांनी दिला, तर त्या वीस दिवसांचं व्याज बँकेने लावायचं नाही. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२४ मध्येच यावर बँकांना फटकारलं आहे. पहिलं खाते विवरण आलं की वितरणाची तारीख आणि बिल्डरच्या पावतीवरची तारीख जुळवून बघा. जुळत नसेल तर बँकेला लेखी द्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर बँकेविरुद्ध रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, आणि कर्ज हाउसिंग फायनान्स कंपनीचं असेल तर नॅशनल हाउसिंग बँकेच्या ग्रिड्स या तक्रार पोर्टलवर.

निलेश७७

सगळ्यांचे आभार. करार नोंदवण्याआधी बिल्डर २० टक्के मागतोय, कर्ज नंतर म्हणतो. हे चालतं?

दस्तऐवज_पुणे

नाही. रेरा, म्हणजे घरखरेदीदारांच्या संरक्षणाच्या स्थावर मालमत्ता कायद्याच्या, कलम १३ प्रमाणे नोंदणीकृत करार होण्याआधी १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. ६ लाखांपर्यंत द्या, त्याची पावती घ्या, आणि करारात कर्ज नाकारलं गेलं तर रक्कम किती दिवसांत परत मिळेल हे कलम घालून घ्या. ते लिहून द्यायला बिल्डर तयार नसेल, तर अजून एक रुपयाही देऊ नका.