'टॉरिड' कुठून आला? – जळगावच्या सोसायटी ग्रुपवर

ए-२०३ ताई: लेकीच्या बँक परीक्षेच्या सरावात 'टॉरिड' हे विशेषण आलंय. अर्थ दिलाय 'अतिशय उष्ण, कोरडं'. पण खाली वाक्य आहे की एका बॅट्समनचा 'टॉरिड टाइम' गेला. सर, सांगता का जरा?

बी-१०१ सर: छान विचारलंत ताई. मूळ अर्थ उन्हानं करपलेलं. मे महिन्यातलं भुसावळ डोळ्यांपुढे आणा. कर्कवृत्त ते मकरवृत्त या पट्ट्याला 'टॉरिड झोन' म्हणतात, भूगोलातला उष्ण कटिबंध. जळगाव २१ अंशांवर, म्हणजे आपण त्यातच. पुढे अर्थ पसरला. पेटलेलं प्रेमही टॉरिड, आणि बॉलिंगपुढे होरपळलेल्या बॅट्समनची वेळही टॉरिड.

सी-३०२ भाऊ: मग मुंबईचा उकाडा?

बी-१०१ सर: नाही भाऊ, तो 'ह्युमिड', म्हणजे दमट. टॉरिडमध्ये ओल उरत नाही.

ए-२०३ ताई: आणि शब्द आला कुठून?

बी-१०१ सर: लॅटिन 'तोर्रेरे', म्हणजे भाजणं, सुकवणं. 'टोस्ट' त्यातलाच. त्याच्याही मागे जे प्राचीन मूळ आहे, त्यातून इंग्रजीचा 'थर्स्ट' आणि संस्कृतची 'तृष्णा' आली. तृष्णेची प्राकृतात 'तण्हा' झाली आणि मराठीत 'तहान'. लेक जो शब्द परका म्हणून पाठ करतेय, तो आपल्या तहानेचा सख्खा नातलग आहे! संस्कृत, ग्रीक, लॅटिन एकाच उगमाच्या असाव्यात, हे भाषांचे अभ्यासक विल्यम जोन्स यांनी कलकत्त्यात १७८६ मध्ये मांडलं होतं. मला वर्गात हे शिकवताना फार आनंद व्हायचा.

बी-४०४ वहिनी: सर, अंगावर काटा आला वाचून. 'टॉरेंट' म्हणजे पाण्याचा लोंढा, तोही यातलाच का?

बी-१०१ सर: हो वहिनी! 'तोर्रेन्स' म्हणजे भाजणारा, उकळणारा. उकळल्यासारखं खवळतं म्हणून लोंढ्यालाही तेच नाव. आपल्या तापीचं बघा ना. सूर्याची कन्या, नावात ताप, आणि हतनूर धरणाचे दरवाजे उघडले की दुथडी भरून वाहते. मात्र 'तापी'चा धातू 'तप्', तो वेगळा. तेवढं लेकीला सांगा.

ए-२०३ ताई: ती विचारतेय, 'एरिड' पण याच मुळाचा?

बी-१०१ सर: नाही, तो 'आरेरे'वरून, म्हणजे कोरडं असणं. एरिडला उष्णता लागत नाही, लडाख गारठलेलं असूनही एरिडच. पर्यायांत दोन्ही आले तर वाक्यात ऊन आहे का, ते आधी बघायचं.