टॉप-लोड मशीन स्पिनलाच अडतं, पडद्यावर 'डीई': झाकणाचा स्विच की बोर्ड?

गॅलरी_४
साडेसहा किलोचं पूर्ण ऑटोमॅटिक टॉप-लोड मशीन आहे, पल्सेटरवालं. पाणी भरतं, धुणं नीट होतं. स्पिनची वेळ आली की पाणी पूर्ण निघून जातं, मग बीप वाजतात आणि 'डीई' दिसतं. झाकणाचा मागचा उजवा कोपरा दाबून धरला तर कधी कधी स्पिन सुरू होतो, हात काढला की बंद. झाकणाला कुलूप नाही, मशीन चालू असतानाही ते उघडतं. मशीन मागच्या गॅलरीत असतं, घर खाडीजवळ आहे. मेकॅनिक बोर्ड (मशीन चालवणारं इलेक्ट्रॉनिक सर्किट) बदला म्हणतो. मल्टिमीटर आहे आणि वापरता येतो. आधी काय तपासू?

पाना_पक्कड
बोर्डाला तूर्त हात लावू नका. 'डीई' म्हणजे झाकण उघडं असल्याचा कोड. कोपरा दाबल्यावर स्पिन चालतो याचा अर्थ बोर्ड ठीक आहे, झाकण बंद झाल्याची खबर त्याच्यापर्यंत नीट पोचत नाही. अशा बऱ्याच मशीनमध्ये झाकणाचा स्विच फक्त स्पिन अडवतो, त्यामुळे धुताना दोष दिसतच नाही. पाणी पूर्ण निघतं हे लिहिलंत ते बरं केलंत. टबात पाणी राहिलं तरी स्पिन अडतो, पण तेव्हा कोड वेगळा येतो.

प्लग काढा. नुसतं बटण बंद करून भागणार नाही. नळही बंद करा. वरच्या प्लास्टिकच्या मागच्या पट्टीचे स्क्रू काढले की उजव्या बिजागरीजवळ स्विच दिसेल. झाकण बंद करताना बिजागरीचं टोक खाली येऊन त्याची पट्टी दाबतं. स्विचच्या दोन वायरींचा कनेक्टर काढण्याआधी त्याचा मोबाइलवर फोटो घ्या आणि ओढताना वायर न धरता प्लास्टिक धरा.

आता मोजमाप. मीटर कंटिन्युइटीवर ठेवू नका, २०० ओमवर ठेवा. बऱ्याच मीटरचा बीप तीस-पन्नास ओमपर्यंत वाजतो, त्यामुळे खराब कॉन्टॅक्टही चांगला वाटतो. आधी दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवून वाचन घ्या आणि ते पुढच्या आकड्यातून वजा करा. झाकण उघडं असताना 'ओएल' (म्हणजे जोड तुटलेला) यायला हवं, बंद असताना एक ओमच्या आत. मग झाकण बाजूला ठेवून स्विचची पट्टी बोटाने पूर्ण दाबा आणि तोही आकडा लिहून ठेवा. दोष स्विचच्या आत आहे की बिजागरीत, हे त्यावरूनच ठरेल.

खारा_वारा
वरच्या पद्धतीला माझी पुस्ती. या स्विचमधून बहुतेक मशीनमध्ये फक्त बोर्डाचा कमी व्होल्टेजचा सिग्नल जातो. करंट इतका कमी असतो की कॉन्टॅक्टवर चढलेला ऑक्साइडचा थर तो जाळू शकत नाही. खाऱ्या हवेत म्हणूनच हा स्विच लवकर दगा देतो. कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक-दोन फवारा मारा, पट्टी वीस-पंचवीस वेळा दाबा-सोडा आणि पूर्ण वाळू द्या. पॉलिश पेपर लावू नका, वरचा पातळ मुलामा निघून जातो. गंज सोडवायचा तेलकट स्प्रेही नको, त्यावर पावडर आणि कपड्यांचा तंतू चिकटतो.

गॅलरीत मशीन आहे म्हणजे उंदरांचा संशय घ्यायलाच हवा. बोर्डाकडच्या कनेक्टरपर्यंत वायर हाताने चाचपून बघा. बोर्ड राळेत बुडवलेला असला तरी त्यातून वायरी बाहेर येऊन कनेक्टर असतो, मोजमाप तिथेही घेता येतं. स्विचपाशी आकडा चांगला आणि तिथे खराब, तर वायर कुरतडलेली.

आणखी एक. बऱ्याच स्विचना खाली एक लांब दांडी असते. टब हेलकावून तिला धडकला की मशीन स्पिन थांबवून पुन्हा पाणी घेतं, कपडे पसरवायला. तुमच्याकडे स्पिन धरण्याआधीच कोड येतोय, तेव्हा दोष त्या दांडीचा दिसत नाही. मात्र दांडी वाकू देऊ नका.

गॅलरी_४
मोजलं. उघडं असताना ओएल. बंद केल्यावर आकडा १८ ते ६० ओममध्ये नाचतो. कोपरा दाबला की ०.६. झाकण बाजूला ठेवून बोटाने पट्टी पूर्ण दाबली तरी ०.६, आणि तो स्थिर राहतो. बोर्डाकडच्या कनेक्टरवरही हेच. बिजागरीच्या टोकाला जिथे पट्टी घासते तिथे खाच पडली आहे. बिजागरी सोडून स्विचच बदलला तर चालेल का?

पाना_पक्कड
नाही. स्विच पूर्ण दाबला की बरोबर जोडतोय, बिजागरी त्याला पुरेशी दाबत नाहीये. नवा स्विच घातलात तरी खाच तशीच राहील आणि थोड्याच दिवसांत हीच तक्रार येईल. आधी स्विचचे स्क्रू कसून बघा. तो जागेवरून सरकला असला तरी असंच होतं. तो घट्ट असेल तर बिजागरी बदला. मॉडेल नंबरचं लेबल बहुधा मशीनच्या मागे असतं, त्याचा फोटो आणि जुनी बिजागरी दोन्ही दुकानात न्या. डावी-उजवी वेगळी असते. काही मॉडेलमध्ये ती झाकणासकटच मिळते.

टोकावर एम-सील लावून उंची वाढवायचा मोह टाळा. थर उखडतो ते एक, पण जास्त जाड झाला तर झाकण अर्धं उघडं असतानाही स्विच दाबलेला राहतो. वायरी जोडून स्विच कायमचा बाद करणं त्याहून वाईट. स्पिनमध्ये टब मिनिटाला सातशेच्या आसपास फिरतो. ओला कपडा त्यात हाताला गुंडाळला गेला तर हात वाचत नाही, आणि घरात लहान मूल असेल तर हा विचारही करू नका.

खारा_वारा
बिजागरी बसवल्यावर, प्लग लावण्याआधी मीटरवरच झाकण हळूहळू उचलून बघा. चार बोटं उचलेपर्यंत 'ओएल' यायला हवं. मग रिकाम्या टबावर फक्त स्पिन लावा आणि वेग धरला की झाकण उघडा. मोटर लगेच बंद होऊन टब ब्रेकने थोड्या सेकंदांत थांबला पाहिजे. मोटर बंद झाली पण टब बराच वेळ फिरत राहिला तर ब्रेकचा पट्टा झिजलाय, ते काम वेगळं काढा.